माइक ॲरे भलतीच दिशा दाखवतो आणि कॅमेरा चुकीकडे वळतो: दोष कुठे शोधायचा

गोदामाच्या मागच्या कुंपणाशी ग्राइंडरने पत्रा कापला जातोय. ॲरेला, म्हणजे एका बोर्डवर बसवलेल्या अनेक माइकांच्या संचाला, आवाज पोचतो, अलार्म वाजतो आणि फिरता कॅमेरा मात्र समोरच्या गेटवर जाऊन थांबतो. माणूस येऊन बोर्ड थोडा फिरवतो, सेटिंगमध्ये वीस अंश वजा करतो, दोन दिवस बरे जातात, आणि पुन्हा तेच. वीस अंश वजा करून हा दोष जात नाही, कारण बहुतेक वेळा तो मुळात कोनाचा नसतोच.

ॲरेला दिशा कळत नाही, त्याला फक्त वेळेतला फरक कळतो. एकच आवाज एका माइकवर आधी आणि दुसऱ्यावर किंचित नंतर पोचतो. त्या फरकावरून सॉफ्टवेअर कोन काढते. बाजारात सहज मिळणाऱ्या चार माइकच्या गोल बोर्डवर समोरासमोरचे माइक साधारण ६४ मिलिमीटरवर असतात. हे अंतर कापायला आवाजाला जास्तीत जास्त १८७ मायक्रोसेकंद लागतात. सेकंदाला आवाजाचे १६,००० नमुने, म्हणजे मोजमापे, घेतले तर एक नमुना ६२.५ मायक्रोसेकंदांचा होतो, म्हणजे तेवढ्यात आवाज २.१ सेंटिमीटर पुढे जातो. थोडक्यात, या टोकापासून त्या टोकापर्यंतची सगळी दिशा उणे ३ ते अधिक ३ नमुन्यांत कोंबलेली असते. एका नमुन्याची चूक झाली की कोन वीस-पंचवीस अंशांनी सरकतो. म्हणून वेळ नेमकी कुठे बिघडली, एवढाच शोध घ्यायचा.

आधी चुकीची तऱ्हा ओळखा

स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्याआधी अर्धा तास नुसता तपासणीला द्या. ॲरेपासून ३ मीटरवर खडूने वर्तुळ आखा, दर ४५ अंशांवर खूण करा, आणि प्रत्येक खुणेवर उभे राहून दोन लाकडी पट्ट्या पाच वेळा आपटा. टाळीपेक्षा पट्टी बरी, कारण तिचा आवाज तीक्ष्ण असतो आणि दर वेळी जवळपास सारखाच येतो. कागदावर दोन रकाने करा: खरा कोन आणि दाखवलेला कोन. आठ खुणांचे चाळीस आकडे समोर आले की दोष बहुतेक वेळा स्वतःच बोलतो.

सगळे आकडे सारख्याच अंशांनी सरकलेले असतील, तर बोर्ड फिरवून बसवला गेला आहे, किंवा ॲरेचा शून्य आणि कॅमेऱ्याचा शून्य जुळत नाही. ० आणि १८० बरोबर येतात, पण ९० च्या जागी २७० आणि ३० च्या जागी ३३० येते, असे असेल तर कोन आरशातले आहेत. छताखाली बोर्ड उलटा टांगला की हमखास असे होते, कारण वरून घड्याळाच्या दिशेने दिसणारे खालून उलट दिसते. दुसरे कारण कॅमेऱ्यात असते. गणिती कोन घड्याळाच्या उलट वाढतो, तर बहुतेक फिरते कॅमेरे उजवीकडे वळणे हे अधिक मानतात. कारण कोणतेही असो, कोनाचे अधिक-उणे चिन्ह एकाच ठिकाणी बदलायचे. दोन्हीकडे बदलले तर चूक चुकीला झाकते, आणि पुढच्या दुरुस्तीला डोकेदुखी होते.

आकड्यांत काहीच ताळमेळ नसेल, तर चॅनलचा, म्हणजे एकेका माइकच्या वेगळ्या येणाऱ्या आवाजाचा, क्रम तपासा. बोर्डवरच्या प्रत्येक छिद्राशेजारी नखाने हलकेच खरवडा आणि ऑडॅसिटी या ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरमध्ये कोणता चॅनल उसळतो ते पाहा. छिद्रावर फुंकर मारू नका, शेजारचे माइकही उसळतात आणि ओलावा आत जातो. कॉम्प्रेसरची हवा तर अजिबात नको. एवढ्याशा माइकचा पडदा तेवढ्या झोताने फाटू शकतो.

रिस्पीकर नावाच्या चार माइकच्या यूएसबी बोर्डवर एक चूक इतक्यांदा दिसते की तिला वेगळा परिच्छेद द्यायला हवा. त्याच्या सहा चॅनलच्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे बोर्डातच बसवलेल्या सॉफ्टवेअरमध्ये, पहिला चॅनल प्रक्रिया केलेला आवाज देतो, त्यानंतरचे चार कच्चे माइक असतात, आणि शेवटचा स्पीकरवर वाजणाऱ्या आवाजाची नक्कल. कोणी पहिले चार चॅनल उचलून दिशेच्या गणिताला दिले, तर माइक एकच्या जागी गोंगाट गाळलेला, उशिराने आलेला आवाज जातो आणि बाकीचे माइक एकेका जागेने सरकतात. दिशा कधी बरोबर, कधी चूक, असा वेडावाकडा प्रकार सुरू होतो. बोर्डवर एकाच चॅनलचे फर्मवेअर असेल, तर आधी सहा चॅनलचे चढवावे लागते. एका चॅनलमधून दिशा काढायचा उपाय नाही.

याच जातीची दुसरी चूक म्हणजे आवाजाचा डेटा दाबून, लहान करून पाठवणे. ॲरेचे चॅनल एएसी किंवा ओपससारख्या कोडेकमधून सर्व्हरवर नेले आणि तिथे दिशा काढली, तर कोडेकने चॅनलांमधले बारीक वेळेचे फरक आधीच पुसलेले असतात. कानाला आवाज छान लागतो, कोन मात्र कचरा असतो. दिशा बोर्डाजवळच, कच्च्या आवाजावरून काढा आणि पुढे फक्त कोन पाठवा. आपोआप आवाज वाढवणारी आणि गोंगाट गाळणारी सोय दिशेच्या रस्त्यातून काढून टाका. ती माणसाच्या कानासाठी असते.

सुई एकाच जागी अडकून बसते

सुई म्हणजे ॲरेने दाखवलेली दिशा. रात्री शांतता असतानाही ॲरे सतत एकच दिशा दाखवतो. ती आडव्या बोर्डवर थेट डोक्यावरची असेल किंवा सरळ रांगेतल्या ॲरेवर बरोबर समोरची असेल, तर आधी विजेवर संशय घ्या. पॉवर सप्लायची गुणगुण सगळ्या चॅनलांत एकाच क्षणी शिरते. वेळेचा फरक शून्य, म्हणून गणित तिला आडव्या बोर्डाच्या बरोबर वर नेऊन ठेवते. पडताळा सोपा आहे: बोर्ड आणि संगणक दोन्ही पॉवर बँकेवर चालवा, नेटवर्कची केबल काढून ठेवा. सुई सुटली तर दोष विजेचा. मग चांगला पॉवर सप्लाय, यूएसबी आयसोलेटर (बोर्ड आणि संगणक यांच्यातला विजेचा थेट संबंध तोडणारा), आणि मोटर किंवा शटरच्या वायरपासून निदान एक फूट अंतर. माइकच्या तारा लांब खेचण्याऐवजी संगणकच बोर्डाजवळ आणा. यूएसबी २ ची केबल ५ मीटरच्या पुढे भरवशाची राहत नाही, आणि बोर्डवरच्या डिजिटल माइकच्या तारा तर वीतभरापेक्षा लांब नेऊच नयेत.

सुई पॉवर बँकेवरही अडकलेली राहिली आणि दिशा आडवी असली, तर तिकडे खरोखर काहीतरी वाजतेय. एक्झॉस्ट पंखा, एसीचे बाहेरचे युनिट, ट्रान्सफॉर्मर. ट्रान्सफॉर्मर १०० हर्ट्झवर आणि त्याच्या पटींत गुणगुणतो. इथे गणिताची एक खोड लक्षात ठेवावी लागते. वेळेचा फरक काढायची सर्वांत प्रचलित रीत, नॅप आणि कार्टर यांच्या १९७६ च्या लेखातली, पीएचएटी (फेज ट्रान्सफॉर्म) नावाचा भार लावून वापरली की प्रत्येक वारंवारतेला सारखीच किंमत देते. त्यामुळे प्रतिध्वनीत ती बरी चालते, पण ज्या वारंवारतेत नुसता गोंगाट आहे तिलाही तोच मान मिळतो. उपाय दोन: ३०० हर्ट्झखालचे कापून टाका, आणि रोजच्या गोंगाटापेक्षा निदान ६ डेसिबलने वर असलेल्या वारंवारताच मोजणीत घ्या. पंख्याची दिशा ठाऊक असेल तर तेवढ्या दिशांचा पट्टा झाकून ठेवता येतो, पण चोर पंख्याच्याच बाजूने आला तर तो कोपरा बहिरा, हे वॉचमनला सांगून ठेवा.

सुई दोन ठिकाणी उड्या मारते

माइक एका सरळ रांगेत असतील, तर पुढचा आणि मागचा आवाज त्यांना सारखाच. त्यावर सॉफ्टवेअरचा इलाज नाही. रांगेबाहेर एक तरी माइक लावा, किंवा ॲरे भिंतीवर अशी बसवा की मागे ऐकण्यासारखे काही उरणारच नाही.

गोल किंवा चौकोनी ॲरेवर उड्या दिसल्या, तर दोन कारणे आधी पाहा. पहिले, माइकमधले अंतर आवाजाच्या अर्ध्या लहरीपेक्षा जास्त झाले की एकाच फरकाची दोन उत्तरे निघतात. ६४ मिलिमीटरच्या गोलात शेजारचे माइक साधारण ४५ मिलिमीटरवर येतात, त्यांची मर्यादा ३,८०० हर्ट्झच्या आसपास. समोरासमोरच्या जोडीची २,७०० हर्ट्झ. पावसाळ्यात रातकिडे ४ ते ५ किलोहर्ट्झवर किरकिरतात, म्हणजे नेमके या मर्यादेच्या वर. जूनपर्यंत नीट चालणारा ॲरे जुलैच्या रात्री गवताकडे आणि भलत्याच दोन-तीन ठिकाणी आळीपाळीने बोट दाखवू लागतो, त्यामागे हे असते. दिशेसाठी ३०० ते ३,५०० हर्ट्झचाच पट्टा वापरा. काच फुटली की ग्राइंडर चालला हे ओळखण्यासाठी वरचा पट्टा लागतो, तो वेगळा ठेवा. दोन्ही कामांना एकच गाळणी लावली की दोन्ही बिघडतात.

दुसरे कारण भिंत. बोर्ड भिंतीपासून १० सेंटिमीटर पुढे असेल, तर समोरून आलेला आवाज भिंतीवर आपटून २० सेंटिमीटरचा फेरा घेऊन पुन्हा येतो, साधारण ०.६ मिलिसेकंद उशिरा. दोन्ही मिळून ८६० हर्ट्झच्या आसपास आवाज एकमेकांना मारतो, आणि बोलण्याचा किंवा ठोकण्याचा बराचसा जोर इथेच असतो. बोर्ड एकतर भिंतीला सपाट चिकटवा, म्हणजे फेरा उरतच नाही, किंवा खांबावर दीड-दोन मीटर बाहेर काढा. मधल्या जागा सगळ्यांत वाईट, आणि तयार ब्रॅकेट नेमके मधल्याच जागी आणून ठेवतात.

जमिनीवरून परतणारा आवाजही असतोच. ॲरे ३ मीटर उंचीवर, आवाज १५ मीटरवर आणि जमिनीपासून १ मीटर, अशा मांडणीत परतलेला आवाज फक्त १.१ मिलिसेकंद मागून येतो. त्याने उंचीचा कोन ढळतो, बाजूचा ढळत नाही, म्हणून फारसा त्रास नाही. कंटेनर, शटर, उभा ट्रक यांच्यावरून परतलेला आवाज मात्र बाजूचा कोनच पळवतो. यावर चालणारा इलाज म्हणजे आवाजाची सुरुवात पकडणे. सरळ येणारा आवाज नेहमी पहिला पोचतो. एका मोजणीत घेतलेल्या आवाजाच्या तुकड्याला खिडकी म्हणतात. ५१२ नमुन्यांची खिडकी ३२ मिलिसेकंदांची होते, तिच्यात खरा आवाज आणि त्याची पाच-सहा भुते एकत्र कालवली जातात. ठोका, फूट, आपट यांच्यासाठी खिडकी १२८ नमुन्यांवर आणा आणि पातळी चढत असतानाचाच कोन धरा, उतरत असतानाचा टाकून द्या. लांबट आवाजासाठी, म्हणजे ग्राइंडर किंवा इंजिनसाठी, उलट खिडकी मोठी बरी. आणि दोन्हीकडे वेळेच्या फरकाची शिखरे काढताना १६ पट अंतर्वेशन करा, म्हणजे दोन नमुन्यांमधल्या किमती गणिताने काढा. नाहीतर तीन नमुन्यांच्या पट्टीवर कोन पायऱ्यापायऱ्यांनीच सरकतो.

सकाळी बरोबर, दुपारी चूक

इथे बहुतेक लोक सॉफ्टवेअर पुन्हा टाकतात. आधी थर्मामीटर पाहा. आवाजाचा वेग ० अंशाला सेकंदाला सुमारे ३३१ मीटर असतो आणि दर अंशाला ०.६ मीटरने वाढतो. १२ अंशांच्या पहाटे सुमारे ३३८, ४२ अंशांच्या दुपारी ३५६. सॉफ्टवेअरमध्ये मात्र ३४३ लिहून ठेवलेले असते. सरळ रांगेतल्या ॲरेवर समोरून मोजलेल्या ६० अंशांचा आवाज अशा दुपारी ५६ अंशांवर दिसतो. आडव्या गोल ॲरेचा तमाशा वेगळा: बाजूचा कोन बरोबर राहतो, कारण सगळेच फरक एकाच प्रमाणात आकसतात, पण गणिताला वाटते की आवाज वरून येतोय. जमिनीलगतचा आवाज १६ अंश वर दिसतो आणि कॅमेरा तोंड वर करून आभाळ पाहतो. पहाटे हा प्रकार होत नाही. उपाय स्वस्त आहे: बोर्डाजवळ सावलीत तापमानाचा सेन्सर लावा आणि वेग दर दहा मिनिटांनी बदला. सेन्सर बोर्डाच्या पेटीत ठेवू नका. पत्र्याखाली तापलेल्या पेटीत तो बाहेरच्या हवेपेक्षा कितीतरी जास्त दाखवेल.

सुरू केल्यावर काही क्षण बरोबर आणि मग वाहवत जाणे, हे तापमानाचे लक्षण नाही. चार वेगवेगळे यूएसबी माइक घेऊन जुळवलेला तो ॲरे असतो. प्रत्येक यूएसबी माइकचे घड्याळ स्वतःचे. दोन घड्याळांत दशलक्षामागे ५० चा फरक असला, आणि तो सहज असतो, तर एका मिनिटात ३ मिलिसेकंदांची तफावत पडते. आवाजाच्या भाषेत एक मीटर. पूर्ण ॲरेच ६४ मिलिमीटरचा असताना एक मीटरची चूक! लिनक्सवर चार उपकरणे एकत्र बांधून एकच दाखवता येतात, पण घड्याळे चारच राहतात. एकाच घड्याळावर चालणारा बहुचॅनल बोर्ड घ्या, दुसरा उपाय नाही.

पाऊस, वारा आणि बुजलेले छिद्र

वाऱ्याचा आवाज प्रत्येक माइकवर वेगळा उमटतो, म्हणून सुई कुठेही भरकटते. त्याचा जोर बहुतेक ३०० हर्ट्झच्या खाली असतो, त्यामुळे आधी सांगितलेली ३०० हर्ट्झची गाळणी अर्धे काम करते. उरलेल्यासाठी २-३ सेंटिमीटर जाडीचा सच्छिद्र फोम, बोर्डाला न टेकता. कापड गुंडाळू नये, फडफडते.

पावसाळ्यात एखाद्या छिद्रावर पाण्याचा थेंब बसतो आणि तो माइक मंदावतो. कोळ्याचे जाळेही तेच करते. महिन्यातून एकदा बोर्डाच्या बरोबर मध्यावर, एक मीटरवर फोनवरून १ किलोहर्ट्झचा सूर वाजवा आणि चॅनलांच्या पातळ्या ताडून पाहा. चांगल्या माइकांत १-२ डेसिबलचा फरक चालतो. ६ च्या पुढे गेला तर छिद्र तपासा. पाणी न शोषणारी, आवाज जाऊ देणारी पातळ जाळी मिळते, ती सगळ्याच माइकांवर एकाच जातीची लावा. एकावर लावली आणि तिघांवर नाही, तर तोच एक उशिरा ऐकू लागतो.

पत्र्याच्या छपरावर मुसळधार पाऊस पडत असताना दिशा काढता येत नाही, हे सरळ मान्य करावे. आवाज सगळीकडूनच येतो. तेवढा वेळ दिशेचा अलार्म बंद ठेवून शटरचे चुंबकी सेन्सर आणि कुंपणाचे कंपन सेन्सर यांच्यावर विसंबा.

दिशा बरोबर, तरी कॅमेरा चूक

खडूच्या वर्तुळावर सगळे आकडे जुळले तरी कॅमेरा चुकतो, कारण तो ॲरेपासून ४ मीटरवर दुसऱ्या खांबावर आहे. ८ मीटरवरच्या आवाजासाठी दोघांचे कोन ३० अंशांपर्यंत वेगळे पडू शकतात, ८० मीटरवर तीनच. एकच दुरुस्ती आकडा सगळ्या अंतरांना लागू पडत नाही तो याचमुळे. दोन्ही एकाच खांबावर, एकाखाली एक बसवा. जमत नसेल तर दुसरा ॲरे लावून दोन रेषांचा छेद काढा.

लांबच्या आवाजाबद्दलही वारंवार तक्रार येते: ‘शंभर मीटरवरचे बोलणे का पकडत नाही?’ साधे बोलणे एक मीटरवर सुमारे ६० डेसिबल असते. अंतर दुप्पट झाले की ६ डेसिबल घटतात, म्हणून १०० मीटरवर २० उरतात. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागात रात्री परवानगी दिलेली पातळीच ४५ आहे. चार माइक बेरीज करून जास्तीत जास्त ६ डेसिबल कमावून देतात, सोळा माइक १२. शिवाय ५०० हर्ट्झची लहर सुमारे ६९ सेंटिमीटर लांब असते, तिच्यापुढे ६४ मिलिमीटरचा बोर्ड चारी दिशांना सारखाच ऐकतो. जाहिरातीत काहीही लिहिलेले असो. असा ॲरे कापण्याचा, फोडण्याचा, ठोकण्याचा आवाज कुठून आला ते सांगण्यासाठी घ्यावा.

आणि बोलणे पकडू नये हेच बरे. पुट्टस्वामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये खाजगीपणा मूलभूत हक्क ठरवला आहे, आणि २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदाही आहे. व्यवहारात एवढे करा: ॲरेचा रोख कुंपणाच्या आत ठेवा, शेजारच्या खिडक्यांकडे नको. गेटवर मराठी आणि हिंदीत आवाजावर पाळत असल्याची पाटी लावा. कच्चा आवाज मेमरीत दोन-तीन सेकंदांपुरता फिरता ठेवा, डिस्कवर फक्त वेळ, कोन, पातळी आणि आवाजाचा प्रकार उतरवा. अलार्मच्या वेळचा तुकडा पुरावा म्हणून जपायचा असेल, तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालच्या प्रमाणपत्रात फाइलचे हॅश मूल्य, म्हणजे फाइलवरून गणिताने निघणारा ओळख-आकडा, लिहावे लागते. ते तुकडा साठवतानाच काढून ठेवा, सहा महिन्यांनी नव्हे.

दुरुस्ती झाली की पट्ट्या घेऊन पुन्हा वर्तुळावर उभे राहा, पण या वेळी तीनदा: पहाटे, भर दुपारी, आणि गोदामाचे पंखे चालू असताना रात्री. ट्रक उभे असतील तर ते उभेच ठेवा. तिन्ही वेळी आठही खुणा १० अंशांच्या आत आल्या, तर तो कागद बोर्डाच्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवा. पुढच्या वेळी सुई भटकली की तुलना करायला तोच लागतो.